खारपाणपट्ट्यातील समुद्राची टाकी: बटू समुद्रघोड्यांसाठी केलेल्या तयारीचे एक प्रकरण

दर्यापूर तालुक्यातील एका गावात, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या भागात, एका तरुण शेतकऱ्याने बटू समुद्रघोडे पाळण्यासाठी खाऱ्या पाण्याची लहान टाकी उभी केली. पाणी, तापमान आणि जिवंत खाद्य या तिन्ही गोष्टी त्यांनी वर्षभरात बऱ्यापैकी ताब्यात आणल्या, आणि तरीही त्या टाकीत आजपर्यंत एकही समुद्रघोडा आलेला नाही. विदर्भात रंगीत मासे पाळणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची संख्या वाढते आहे, खाऱ्या पाण्याच्या टाक्यांचे आकर्षणही वाढते आहे, आणि बहुतेकांची सुरुवात काचेची पेटी विकत घेण्यापासून होते. बटू समुद्रघोड्याच्या बाबतीत पेटी ही सर्वांत सोपी आणि सर्वांत शेवटी ठरवायची गोष्ट आहे. कायदा, खाद्य आणि थंडावा हे तीन प्रश्न आधी, आणि याच क्रमाने सुटले पाहिजेत, असे माझे मत आहे. या प्रकरणात ते बरोबर उलट्या क्रमाने सोडवले गेले, म्हणून त्याची सविस्तर नोंद करीत आहे.

हे शेतकरी कपाशी, तूर आणि हरभरा पिकवतात. घरामागच्या टिनाच्या शेडात गप्पी, मोली आणि बेट्टा यांची पैदास करून अमरावती आणि अकोल्याच्या दुकानदारांना मासे देण्याचा त्यांचा जोडधंदा आहे. गोड्या पाण्यातील माशांचा त्यांचा हात चांगला बसलेला आहे. पाण्याचा सामू (pH) मोजणे, पिल्लांना वेळेवर खाद्य देणे, आजारी मासा वेगळा काढणे या सवयी त्यांच्या अंगवळणी पडलेल्या आहेत, आणि पुढे जे काही साधले ते या सवयींमुळेच साधले. नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकून मी रंगीत मत्स्यपालनाविषयी सल्ला देण्याचे काम करतो. त्या नात्याने त्यांनी मला बोलावले तेव्हा टाकी विकत घेऊन झालेली होती.

प्राणी आणि त्याची गरज

बटू समुद्रघोडा, शास्त्रीय नावाने हिप्पोकॅम्पस झोस्टेरी, हा मेक्सिकोचे आखात, फ्लोरिडाचा किनारा आणि बहामा बेटे या भागांतील उथळ समुद्रगवतात राहतो. पूर्ण वाढ झालेला प्राणी साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर भरतो, म्हणजे तुरीच्या शेंगेच्या निम्म्याहूनही कमी. त्याचे आयुष्य एक ते दोन वर्षांचे असते. पोहण्यात तो अतिशय मंद आहे, तासाभरात दीड मीटर इतकाच त्याचा वेग नोंदला गेला आहे. त्यामुळे भक्ष्याचा पाठलाग त्याच्या स्वभावातच नाही. शेपटीने गवताच्या पात्याला धरून तो स्थिर राहतो, आणि समोर आलेला कोपेपॉडसारखा सूक्ष्म कवचधारी जीव नळीसारख्या तोंडाने एका क्षणात ओढून घेतो. त्याला दात नाहीत आणि जठरही नाही. खाल्लेले अन्न आतड्यातून लवकर पुढे सरकते, म्हणून त्याला दिवसभर थोडे थोडे खावे लागते.

नराच्या पोटावरील पिशवीत मादी अंडी घालते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी नर पिल्लांना जन्म देतो. ही पिल्ले जन्मतःच मोठ्यांसारखी दिसतात, आणि पहिल्या दिवसापासून आर्टेमिया या बारीक कवचधारी जीवाची नुकती उबलेली पिल्ले खाऊ शकतात. मोठ्या जातींच्या समुद्रघोड्यांची पिल्ले वाढवणे अवघड जाते ते मुख्यतः पहिल्या दिवसांतील अतिसूक्ष्म खाद्यामुळे. ती अडचण येथे बरीच कमी असल्याने घरगुती पैदाशीसाठी ही जात जगभरच्या पालकांना आवडते. मात्र मोठ्या समुद्रघोड्यांना जशी गोठवलेल्या झिंग्यांची सवय लावता येते, तशी ती यांना लावण्याचा भरवसा धरता येत नाही. यांना हलणारे, जिवंत खाद्यच लागते, दररोज आणि किमान दोन वेळा.

या एका गरजेतून टाकीचा आकार ठरतो. समुद्रातील मासा म्हटला की मोठी टाकी हवी असा सर्वसाधारण नियम आहे, कारण मोठ्या पाण्यात बदल सावकाश होतात. येथे मात्र टाकी फार मोठी घेतली तर खाद्य पाण्यात विखुरते आणि जागेवरून न हलणाऱ्या प्राण्याच्या तोंडासमोर पुरेसे येत नाही. म्हणून वीस ते चाळीस लिटरची टाकी योग्य मानली जाते. या शेतकऱ्यांनी घेतलेली पेटी पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि तीस उंच होती. वाळू घालून आणि वरची मोकळी जागा सोडून तिच्यात सुमारे चौतीस लिटर पाणी बसते. आकाराची निवड बरोबर होती. गाळणीसाठी हवेवर चालणारा स्पंज फिल्टर लावला, कारण पंपाच्या जोरदार फिल्टरमध्ये खाद्य ओढले जाते आणि प्राणीही चिकटू शकतो. शेपटीने धरण्यासाठी समुद्री शेवाळाचे झुपके आणि प्लॅस्टिकची बारीक रोपे घातली.

खारे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे

खारपाणपट्ट्यातील माणसाच्या मनात पहिला प्रश्न साहजिकच हा येतो, की आपल्या विहिरीचे पाणी मुळातच खारे असताना विकतचे समुद्री मीठ कशाला आणायचे. या शेतकऱ्यांनीही तो विचारला, आणि प्रश्न रास्त असल्यामुळे आम्ही त्याचे उत्तर मोजून काढले. विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला तीन ते चार हजार मिलिग्रॅमच्या घरात आले. समुद्राच्या पाण्यात ते पस्तीस हजारांच्या आसपास असतात. म्हणजे जे पाणी पिण्याला आणि पिकाला नकोसे वाटते, ते समुद्राच्या मानाने फारच सौम्य आहे.

फरक केवळ प्रमाणाचा असता तर वरून मीठ घालून तो भरून काढता आला असता. खरी अडचण क्षारांच्या घडणीत आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड यांच्या जोडीला लिटरमागे सुमारे तेराशे मिलिग्रॅम मॅग्नेशियम, चारशे मिलिग्रॅम कॅल्शियम आणि जवळपास तितकेच पोटॅशियम असते, आणि जगभरच्या खुल्या समुद्रात हे परस्परप्रमाण जवळजवळ सारखे राहते. जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात हे प्रमाण बिघडलेले असते. विशेषतः पोटॅशियम चिकणमातीचे कण धरून ठेवतात, त्यामुळे ते पाण्यात फारच थोडे उरते. हरियाणात जमिनीतील खाऱ्या पाण्यावर कोळंबी वाढवताना पोटॅशियम वेगळे घालावे लागते ते याच कारणाने. स्वयंपाकाचे मीठ घालून केलेल्या पाण्याचीही हीच गत असते.

त्यामुळे टाकीसाठी पाणी तयार करण्याची पद्धत ठरली ती अशी. गावातील आरओ केंद्रावरून जार आणायचा, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने त्याची तपासणी करायची, आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारे कृत्रिम समुद्री मीठ लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम या हिशेबाने वेगळ्या बादलीत विरघळवायचे. एक दिवस हवा सोडून ढवळल्यावर विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या तुलनेतील घनता) रिफ्रॅक्टोमीटर या उपकरणाने पाहायचे आणि १.०२४ च्या आसपास आले की मगच पाणी वापरायचे. जारचे पाणी नेहमी सारखे नसते, हे दोन महिन्यांत लक्षात आले. केंद्रावरच्या आरओ यंत्रातील गाळणारा पडदा जुना झाला की क्षार वाढत जातात आणि चवीवरून ते कळत नाही. मीटर स्वस्त आहे, तो प्रत्येक जारमध्ये बुडवावा.

या विहिरीच्या पाण्याचा एक उपयोग मात्र निघाला. त्यात बायकार्बोनेट भरपूर असल्याने त्याचा सामू आठच्या वर राहतो, आणि आर्टेमियाची अंडी उबवण्यास असेच पाणी लागते. विहिरीच्या पाण्यात साधे बिनआयोडीनचे मीठ लिटरला पंचवीस ग्रॅमच्या आसपास येईल इतके घालून केलेली उबवण महागड्या मिठात केलेल्या उबवणीइतकीच चांगली निघाली. उबवणीच्या बाटलीत जीव एक-दोन दिवसच राहतो, म्हणून तेथे क्षारांची अचूक घडण आवश्यक नसते.

टाकीत पाणी भरल्यावर अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात आणि वाळूत स्थिरावेपर्यंत सहा आठवडे टाकी रिकामी चालवली. गोड्या पाण्याच्या अनुभवामुळे हा भाग त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

उन्हाळ्यापेक्षा पावसाळा कठीण

बटू समुद्रघोड्याला साधारण बावीस ते पंचवीस अंश सेल्सिअस पाणी मानवते. तापमान चढत गेले की पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, प्राण्याची भूक आणि श्वसन वाढते, आणि व्हिब्रिओसारख्या रोगकारक जिवाणूंची वाढ झपाट्याने होते. अकोला आणि अमरावती या जिल्ह्यांत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून हे काम येथे अशक्यच आहे असे कोणालाही वाटेल. मलाही उन्हाळ्याचीच काळजी अधिक वाटत होती. प्रत्यक्ष नोंदींनी वेगळे चित्र दाखवले, आणि या प्रकरणातील सर्वांत उपयोगी भाग मी हाच समजतो.

टाकी टिनाच्या शेडातून हलवून मातीच्या भिंतींच्या मधल्या खोलीत ठेवली. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असा एक लहान पंखा बसवला. मे महिन्यात विदर्भाची हवा इतकी कोरडी असते, की बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी हवेपेक्षा बरेच अंश थंड राहते. बाहेर त्रेचाळीस अंश आणि हवेतील आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर ओल्या वस्तूचे तापमान तत्त्वतः तेवीस अंशांपर्यंत उतरू शकते. आपल्याकडचा कूलर चालतो तो याच नियमावर. काचेतून आणि खोलीच्या हवेतून उष्णता आत येत राहिल्याने टाकी इतकी खाली जात नाही, तरी दुपारी ती सत्तावीसच्या आसपास धरता आली. एक खबरदारी मात्र घ्यावी लागली. त्याच खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि टाकीवरच्या पंख्याचा परिणाम घटतो. म्हणून कूलर शेजारच्या खोलीत ठेवून मधले दार लोटून घेतले, आणि मधल्या खोलीची मागची खिडकी उघडी ठेवली.

बाष्पीभवनाची किंमत क्षारांच्या रूपाने चुकवावी लागते. वाफ होऊन पाणी जाते आणि मीठ मागे राहते. चौतीस लिटरच्या टाकीतून दोन दिवसांत तीन लिटर पाणी उडाले, तर लिटरला तेहतीस ग्रॅम असलेली क्षारता छत्तीसवर जाते. म्हणून काचेवर पातळीची खूण करून रोज सकाळी त्या खुणेपर्यंत आरओचे बिनमिठाचे पाणी थेंब थेंब सोडण्याचा नियम झाला. खाऱ्या पाण्याच्या टाकीत कमी झालेले पाणी गोड्या पाण्याने भरायचे असते, ही गोष्ट नवीन माणसाला उलटी वाटते, आणि घरातील प्रत्येकाने ती समजून घेईपर्यंत हे काम एकाच माणसाकडे ठेवलेले बरे.

जुलै उजाडला आणि अडचण सुरू झाली. बाहेर पारा तीसवर आला, घरात गारवा वाटू लागला, पण हवेतील आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर गेल्याने बाष्पीभवन जवळजवळ थांबले. अशा हवेत पंखा कितीही फिरवला तरी पाणी अठ्ठावीसच्या खाली येत नाही, आणि ही स्थिती सप्टेंबरअखेरपर्यंत कमी-अधिक टिकते. ऑक्टोबरच्या उकाड्यात ती पुन्हा डोके वर काढते. मे महिन्यातील कडक उन्हाळा येथील घरगुती साधनांनी बराचसा भागवता येतो, पण पावसाळ्यातील दमट उष्म्याला चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) किंवा वातानुकूलित खोली याशिवाय उपाय नाही. लहान टाकीसाठी अर्धवाहकावर चालणारे छोटे शीतक मिळतात. ते घेतल्यावर पाणी पंचवीस-सव्वीसवर आले, पण त्याच्यासाठी अखंड वीज लागली. गावात वादळी पावसात वीज गेली तर ती कित्येक तास येत नाही. हवेचा पंप बॅटरीवर चालवण्याची सोय स्वस्तात झाली, शीतक मात्र इन्व्हर्टरवर थोडाच वेळ चालला. माझ्या मते येथे टाकी थंड ठेवण्याचा खर्च टाकीच्या किमतीच्या कितीतरी पट धरूनच निर्णय घ्यावा.

खाद्याचा प्रश्न

टाकीचे कौतुक करायला शेजारीपाजारी येत असत. पण नेमका प्रश्न विचारला तो शेतकऱ्यांच्या आईने. त्या म्हणाल्या, “पानी तं समुद्राचं करशीन, थंडबी करशीन; पन त्याईले रोज जितं खायले कोठून आनशीन?” जनावरांचा चारा आधी आणि जनावर नंतर, हा शेतकरी घराचा रिवाजच त्यांच्या बोलण्यात होता.

उत्तर आर्टेमिया हेच आहे. या कवचधारी जीवाची सुप्तावस्थेतील अंडी कोरडी करून डब्यात मिळतात, आणि अमेरिकेतील यूटा राज्यातील ग्रेट सॉल्ट लेक हा त्यांचा मोठा स्रोत आहे. कोरड्या, थंड जागी ती दीर्घकाळ टिकतात. शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीचा तळ कापून, ती उलटी टांगून, खालून जोरदार हवा सोडली आणि वर दिवा ठेवला, की अठ्ठावीस अंशांना सुमारे चोवीस तासांत पिल्ले बाहेर पडतात. हवा बंद करून दिवा बाटलीच्या खालच्या भागाशी धरला म्हणजे रिकामी टरफले वर तरंगतात, न उबलेली अंडी तळाशी बसतात आणि नारिंगी पिल्ले उजेडाकडे गोळा होतात. तेवढीच नळीने काढून घ्यावीत, कारण टरफले गिळली गेल्यास लहान प्राण्याच्या आतड्यात अडकू शकतात.

हे काम शेतकऱ्यांच्या पत्नीने हाती घेतले आणि त्यात त्या पुढे माझ्याहूनही वाकबगार झाल्या. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत उबवण लांबते, हे पाहून त्यांनी बाटल्या पिवळ्या बल्बच्या खोक्यात ठेवल्या. मे महिन्यात उलट शेडातील उष्णतेने उबणाऱ्या अंड्यांचे प्रमाण निम्म्यावर येते, म्हणून बाटल्या मधल्या खोलीत आणल्या. अंड्यांचे टरफल ब्लीचने विरघळवून काढण्याची पद्धतही त्या शिकल्या. अंडी तासभर पाण्यात भिजवून मग हायपोक्लोराइटच्या द्रावणात काही मिनिटे ढवळायची, तपकिरी रंग जाऊन नारिंगी आला की लगेच गाळून वाहत्या पाण्याखाली धुवायची, आणि उरलेले क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने नाहीसे करायचे. ही क्रिया उष्णता सोडते, म्हणून भांडे बर्फात ठेवावे लागते. या पद्धतीने टरफलांचा प्रश्न मिटतो आणि अंड्यांबरोबर येणारे नको ते जीवही मरतात.

पोषणाच्या बाजूनेही एक बारकावा आहे. नुकते उबलेले पिल्लू स्वतःच्या अंड्यातील पिवळ्या साठ्यावर जगते आणि तेव्हाच ते सर्वांत पौष्टिक असते. काही तासांनी कात टाकून त्याचे तोंड उघडते, आणि त्यानंतर त्याला खायला मिळाले नाही तर त्याच्या अंगातील साठा संपत जातो. म्हणून एक तुकडी ताजी असतानाच द्यायची, आणि दुसरी तोंड उघडल्यावर बहुअसंपृक्त स्निग्धाम्लांच्या पायसात (पाण्यात मिसळलेल्या पौष्टिक तेलात) बारा तास ठेवून मग द्यायची, अशी दुहेरी व्यवस्था केली. समुद्रातील प्राण्याला ही स्निग्धाम्ले अन्नातूनच मिळावी लागतात आणि आर्टेमियात त्यांचा तुटवडा असतो.

येथे विदर्भाचा म्हणून एक धोका समोर आला. ऑगस्टमध्ये एका सकाळी दोन्ही बाटल्यांतील पिल्ले तळाशी मरून पडलेली आढळली. पाणी ढवळून पाहिले तर एकही हलत नव्हते. मीठ, सामू, तापमान सर्व ठीक होते. चौकशी केल्यावर कळले, की आदल्या दिवशी कपाशीवर फवारणी झाली होती आणि पंप धुतलेल्या जागेवरची बादली पाणी आणण्यासाठी घेतली गेली होती. आर्टेमिया आणि कोपेपॉड हे कवचधारी आहेत, कीटकांचे दूरचे नातलग, त्यामुळे कीटकनाशकाचा अंशही त्यांना पुरतो. त्या दिवसापासून टाकीच्या बादल्या वेगळ्या रंगाच्या केल्या, फवारणीचे औषध शेडातून हलवले, आणि फवारणी करून आलेल्या माणसाने त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही असे ठरले. हवेचा पंप आजूबाजूची हवाच पाण्यात ढकलतो, म्हणून त्या खोलीत डास मारण्याची अगरबत्ती लावणेही बंद झाले. कापूस पिकवणाऱ्या घरात समुद्री जीव पाळायचे असतील, तर हा नियम पाण्याच्या चाचणीइतकाच महत्त्वाचा मानावा.

काचेवरचे पांढरे तंतू

रिकाम्या टाकीत खाद्याचा अंदाज घेण्यासाठी थोडी आर्टेमिया सोडली जात होती. काही आठवड्यांनी काचेवर, पाण्याच्या रेषेजवळ, पांढरट तंतूंचे ठिपके दिसू लागले. भिंगातून पाहिल्यावर प्रत्येक तंतूच्या टोकाला बारीक शुंडकांचे (भक्ष्य पकडणाऱ्या तंतूंचे) कडे दिसत होते, आणि त्या कड्यात अडकलेले आर्टेमियाचे पिल्लू पाय झाडत होते. हे हायड्रॉइड. ते जेलीफिशचे नातलग, डंख मारणारे जीव असून बटू समुद्रघोड्यांच्या टाकीतील सर्वांत मोठे संकट समजले जातात. आर्टेमियाच्या रोजच्या पुरवठ्यावर ते भराभर वाढतात आणि नवजात पिल्लांना डंखाने मारतात.

त्यावर जगभर वापरला जाणारा उपाय म्हणजे फेनबेंडाझोल. हे जंतनाशक आपल्याकडे जनावरांच्या औषधांच्या कोणत्याही दुकानात मिळते. पण त्याचे प्रमाण अत्यल्प असते. जनावराच्या वजनाचे माप येथे लावून चालत नाही, आणि चौतीस लिटरसाठी लागणारी मात्रा साध्या चमच्याने मोजता येत नाही. ते वाळूत व दगडांत मुरते आणि काही जातींच्या गोगलगायींना पुढे कित्येक महिने अपायकारक ठरते, म्हणून उपचार गोगलगायी आणण्यापूर्वीच करावा. येथे टाकी रिकामी होती, त्यामुळे उपचार निर्धोकपणे झाला. मेलेल्या हायड्रॉइडमुळे वाढणारा अमोनिया पाणी बदलून काढला. टरफल काढलेली अंडी वापरू लागल्यापासून ते पुन्हा दिसलेले नाहीत.

कायदा

इतके झाल्यावर प्राणी कोठून आणायचा हा प्रश्न आला. एका महानगरातील विक्रेत्याने समुद्रघोडा मिळेल आणि कागदपत्रांची गरज नाही, असे फोनवर सांगितले होते. त्याने पाठवलेल्या छायाचित्रातील प्राणी बटू जातीचा नव्हताच. तो भारतीय किनाऱ्यावरच्या मोठ्या जातीचा, बहुधा जाळ्यातून काढलेला होता.

भारतात २००१ साली समुद्रघोडे आणि नळीमासे यांचे संपूर्ण कुळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि मन्नारच्या आखातात सुकवून निर्यात करण्यासाठी त्यांची मोठ्या प्रमाणावर पकड होत असे, ही त्यामागची पार्श्वभूमी होती. आंतरराष्ट्रीय पातळीवर, धोक्यातील वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समुद्रघोड्यांच्या सर्व जाती घेण्याचा निर्णय २००२ मध्ये झाला आणि तो मे २००४ पासून लागू आहे. म्हणजे अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा बटू समुद्रघोडाही परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या परिशिष्टांतील प्राण्यांसाठी अधिनियमात स्वतंत्र प्रकरण आणि अनुसूची आली. अशा जिवंत प्राण्यांचा ताबा, जन्म, मृत्यू आणि हस्तांतर यांची नोंदणी करण्याचे नियम २०२४ मध्ये निघाले असून ती केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

या साऱ्याचा व्यवहारातला अर्थ असा. दुकानातून मिळालेला समुद्रघोडा पावती असली तरी कायदेशीर होत नाही, आणि ताब्यात सापडल्यास तुरुंगवासाची तरतूद असलेल्या गुन्ह्याला सामोरे जावे लागते. परदेशातून कैदेत जन्मलेला प्राणी आणायचा तर निर्यातदार देशाचा साइट्स परवाना, आयातीची परवानगी, विलगीकरण आणि वन्यजीव विभागाची संमती ही सर्व साखळी पूर्ण करावी लागेल. एका घरगुती टाकीसाठी ती जुळवणे मला शक्य दिसत नाही. राज्याच्या वन्यजीव विभागाचे मुख्यालय नागपुरात वनभवनात असल्याने विदर्भातील माणसाला लेखी विचारणा करणे तुलनेने सोपे आहे, आणि कोणालाही शंका असेल तर प्राणी आणण्यापूर्वी ती जरूर करावी.

मी हे सर्व त्या शेतकऱ्यांसमोर आणि त्यांच्या पत्नीसमोर मांडले, तेव्हा थोडा वेळ दोघेही काही बोलले नाहीत. एवढ्या मेहनतीनंतर हे ऐकणे सोपे नव्हते. मात्र निर्णय त्यांनी स्वतःच आणि त्याच बैठकीत घेतला. विक्रेत्याला नकार कळवला.

पुढे काय केले

समुद्रघोड्याऐवजी हॅचरीत पैदास झालेल्या क्लाउनफिश या रंगीत समुद्री माशाची जोडी घ्यावी, असे मी सुचवले. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशाच्या कैदेतील पैदाशीचे तंत्र विकसित केले असून, देशात पैदास झालेले मासे बाजारात मिळतात. ते दाणेदार खाद्य खातात आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंशांना खुशाल राहतात, त्यामुळे पावसाळ्यातील तापमानाची अडचण बरीचशी सुटते. चौतीस लिटरची टाकी या जोडीला लहान पडते. म्हणून जुनी, सुमारे शंभर लिटरची टाकी मिळवून तिच्यात तयार झालेला स्पंज आणि थोडी वाळू हलवली. मासे आणताना पैदास केंद्राचे बिल मागून घेतले.

लहान टाकी बंद केली नाही. तिच्यात समुद्री शेवाळ आणि कोपेपॉड वाढत आहेत, आणि आठवड्यातून एकदा त्यातले पाणी गाळून कोपेपॉड मोठ्या टाकीत सोडले जातात. शीतकाची आता गरज उरली नसल्याने तो विकला.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो आर्टेमियाच्या बाटल्यांचा. बेट्टाची पिल्ले पोहू लागल्यावर काही दिवसांतच त्यांना गोड्या पाण्यात धुतलेली ताजी आर्टेमिया देणे सुरू केले, आणि पूर्वी ज्या अवस्थेत बरीच पिल्ले दगावत, त्या अवस्थेतून ती आता बहुसंख्येने पार पडत आहेत. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगते, म्हणून ती दिवसातून तीनदा, थोडी थोडी द्यावी लागते. हे वेळापत्रक शेतकऱ्यांच्या पत्नीने शेडाच्या दारावर खडूने लिहून ठेवले आहे. फवारणीच्या दिवसांत त्याच दारावर वेगळ्या बादल्यांची सूचनाही असते.